चंद्रीसाठीचा शब्द

अख्ख्या कोल्हापुरात इंग्रजीशी कुस्ती धरणारा माणूस एकच झाला, तो म्हणजे माझे धाकटे मामा. कचेरीत ते शिपाई होते आणि कारकून व्हायचंच, असा त्यांनी पण केला होता. खात्याच्या परीक्षेत बाकी सगळं सुटायचं. घोडं अडायचं ते इंग्रजीच्या पेपरात, रिकाम्या जागेसाठी योग्य शब्दावर खूण करण्यापाशी. पण हार मानतील तर ते मामा कसले! पहाटे तालमीत दर बैठकेला एक वाक्य म्हणायचा त्यांचा नेम होता. 'हू', 'हूम', 'विच' अशा हुंकारांनी बाकीचे पैलवान बिचकायचे. मी कॉलेजात होतो, म्हणून मला त्यांनी मास्तर नेमलं आणि गुरुदक्षिणा म्हणून चंद्रीचं धारोष्ण दूध तांब्याभर पाजत.

चंद्री ही मामांची म्हैस. मूलबाळ नसलेल्या त्या घरात सगळे लाड तिचेच. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, कवड्यांची माळ घालून ते तिला मिरवायला न्यायचे, आणि त्यांनी हाक मारून पळायला सुरुवात केली की एवढ्या गर्दीतून ती नेमकी त्यांच्यामागे धावायची. माणसाला 'हू' आणि जनावराला, वस्तूला 'विच', हे मी शंभरदा सांगितलं. माणूस आणि वस्तू यांत त्यांचं कधी चुकलं नाही. जनावर आलं की मात्र खूण 'हू'वर! मी चिडलो की म्हणायचे, "खुर्चीला म्हण की विच. हाक मारली तर चंद्री वळून बघती. खुर्ची बघती व्हय?" या हट्टापायी ते दोनदा एकेका गुणाने नापास झाले. तिसरी खेप शेवटची. पुढे वयाची अट आड येणार होती. मामींनी निक्षून बजावलं, "अवो, काय बी लिवा, पर पास व्हा. तिला काय वाचाय येतंया?"

पेपरात नेमकी हरवलेली म्हैस आली. मामा पास झाले. पेढे घेऊन गेलो तर स्वारी गोठ्यात, चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "पोटासाठी केलं गं बाई. मनावर घिऊ नगं."

सात-आठ वर्षांनी चंद्री गेली. मामांनी साहेबांना इंग्रजीत रजेचा अर्ज लिहिला आणि तिच्यासाठी 'हू' घातला. साहेबांनी लाल शाईने 'विच' करून परत पाठवला. मामांनी नव्या कागदावर पुन्हा 'हू'च लिहिला आणि माझ्यापुढे धरला. "बरोबर हाय न्हवं?"

मी त्यांचा मास्तर. डोळे भरून आले होते, म्हणून कागदाकडे न बघताच म्हटलं, "बरोबर आहे, मामा."