दाजींच्या जिम्म्यावर चाललेलं नाणं

आमच्या परभणी जिल्ह्यात सरकारपेक्षा जास्त पत असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. माझी बायको आपल्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. चुडाव्याच्या रेल्वे स्टेशनाबाहेर त्यांची चहाची टपरी आहे. मी तालुक्याच्या गावी एका बँकेत कॅशियर आहे. नोटा मोजायचं यंत्र माझ्याकडे, शिक्का माझ्याकडे, डोक्यावर थंड हवा. तरी पैशाबद्दल मला जे काही कळलं ते दाजींच्या टपरीवर कळलं, आणि तेही फार लाजल्यावर कळलं.

दुसरीकडच्या वाचकाला सांगावं लागेल, की आमच्याकडे दहाचं नाणं कित्येक वर्षं चालत नव्हतं. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. किराणावाला म्हणायचा भाजीवाली घेत नाही, भाजीवाली म्हणायची कंडक्टर घेत नाही, कंडक्टर म्हणायचा पॅसेंजर घेत नाहीत. सगळा भार दहाच्या नोटेवर आला, आणि ती बिचारी चिकटपट्टीच्या आधारानं कशीबशी दिवस काढत होती. दाजी मात्र नाणं घ्यायचे. ज्याचं कुठं खपत नाही तो चुडाव्यात उतरून त्यांच्या गल्ल्यात ते टाकून जायचा, लोक मांजराची पिल्लं दुसऱ्याच्या दारात सोडतात तसा. "सरकारनं सिंह काढलाय त्याच्यावर," दाजी म्हणायचे. "सिंहाला न्हाई म्हननारा मी कोन?" आणि नाणं चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात पडायचं. असे दोन डबे गच्च भरले. आक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, म्हणायची, "आमच्या घरी लक्ष्मी हाय, पन पाय मोडल्याली."

ती लक्ष्मी चालवायला दाजींनी काय नाही केलं? लग्नाच्या आहेरात दहा नाणी घातली, तर पाकीट फाटून ऐन अक्षतांच्या वेळी ती मांडवभर पळाली आणि नवरदेवासकट सगळे खाली बघू लागले. देवळात पुजाऱ्याला म्हणाले, नाणी घ्या, नोटा द्या, तर पुजाऱ्यानं त्यांनाच आतला ढीग दाखवला आणि विचारलं, "ही तुमी नेता का?" एकदा पाथरीला निघाले तेव्हा तिकिटाला नाणी पुढं केली. कंडक्टर म्हणाला, "काका, उतरा." दाजी पुढच्या थांब्यावर उतरले, मागून आलेल्या बसमध्ये चढले. तिथंही तेच. असं करत किती बस बदलल्या देव जाणे, पण ते पाथरीला पोचले. नाणं एकही खपलं नाही आणि तिकीटही लागलं नाही. याचं त्यांना फार वाईट वाटलं. "फुकटात जायला मी काय निगालो न्हवतो," असं ते महिनाभर सांगत होते.

मग एका उन्हाळ्यात वावटळ आली आणि टपरीचे पत्रे उडून रुळापलीकडच्या शेतात पडले, पार चेपून. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला कळेल, छपराशिवाय ना दूध टिकतं ना गिऱ्हाईक. मृगाआधी पत्रे बसले नाहीत तर टपरीच मोडणार होती. पत्र्याच्या दुकानदाराला नोटा हव्या होत्या. दाजींपाशी दोन डबे होते. ते डबे नायलॉनच्या पिशवीत घालून बसनं माझ्या खिडकीशी आले.

इथं मला खरं लिहिलं पाहिजे. माझ्या काचेवर छापील कागद होता, सर्व नाणी स्वीकारली जातील. पण यांची घेतली की उद्या अख्ख्या तालुक्याची येतील, असं माझ्या मनात आलं. मी मान वर न करता म्हणालो, "दाजी, आज गर्दी आहे. सोमवारी बघू." त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, "काम लय हाय तुमाला." आणि पिशवी उचलली. रांगेतलं कुणी तरी हसलं. सोमवारी ते आले नाहीत आणि मला हायसं वाटलं.

ते यायचे कसे? त्यांनी टपरीला पुठ्ठा टांगला होता: "दहाचे सुट्टे मिळतील, नाण्यात. कोणी घेतले नाही तर केव्हाही परत आणा, नोट देऊ. रागावणार नाही. जिम्मा माझा."

सुट्ट्यांसाठी तर सगळेच रडत होते. आधी भाजीवालीनं भीत भीत शंभराची नोट मोडली. तिचं गिऱ्हाईक कुरकुरलं की ती म्हणायची, "न्हाई चाललं तर दाजीकडं जावा." मग गिरणीवाला आला, मग किराणावाला. पहिल्या आठवड्यात अकरा नाणी परत आली. दाजींनी अकराही वेळा हसून नोट दिली, वर पाणी पाजलं. दुसऱ्या आठवड्यात चार. मग एकही नाही. सिंहावर कुणाचा भरोसा नव्हता, चहावाल्यावर होता. शेवटी एक कंडक्टर स्वतः उतरून आला.

"काका, दहाचे सुट्टे द्या की. नाणी चालतील."

"तुमीच उतरविलं व्हतं मला."

"तो मी नव्हतो, काका."

"कोनीबी असंना. च्या घ्या आधी."

मृगाच्या चार दिवस आधी टपरीवर निळे पत्रे चढले, सगळे रोख नोटांनी. पत्र्याच्या दुकानदारानंच वर विचारलं, थोडी नाणी उरली असतील तर द्या. उरली नव्हती. आक्कानं दोन्ही डबे घासून त्यात डाळ भरली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवली.

मी त्या निळ्या सावलीत जाऊन बसलो आणि म्हणालो, "दाजी, त्या दिवशी मला नाणी घेता आली असती. गर्दीचं निमित्त होतं."

"ठाव हाय की," ते ग्लास विसळत म्हणाले. "कागद वाचला मी."

"मग बोलला का नाहीत?"

"लाइनीत तुमच्या वळखीचे लोक व्हते. मेव्हनीच्या नवऱ्याचं तोंड चारचौघांत कशाला उतरवावं?"

त्यानंतर मी काउंटरचा एक कोपरा रिकामा ठेवतो. आता कुणी नाणी घेऊन आलं तर मोजायला कितीही वेळ लागो, मी घेईन. पण कुणी येत नाही. ती सगळी बाहेर फिरताहेत, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती, आणि मी काचेआड वाट बघत बसलेला असतो.