भंतेजींपाशी ठेवलेला मंतर

माझ्या लग्नाच्या दिवशी आम्ही नवरदेवापेक्षा जास्त वाट पाहिली ती यवतमाळहून येणाऱ्या एसटीची. तीत भंतेजी येणार होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती आणि राळेगावकडच्या आमच्या वस्तीत नव्या पद्धतीचं हे पहिलंच लग्न. मी पांढऱ्या लुगड्यात बसलेली. तेवढ्यावरूनच बायांची कुजबुज चाललेली, नवरीला कोणी पांढरं नेसवते काय म्हणून.

एसटी आली अन् भंतेजी काही उतरले नाहीत. बाबांच्या तोंडचं पाणीच पळालं.

वरात नेरकडची. तिच्यात मान माझ्या मामेसासऱ्यांचा. मिशा मोठ्या अन् आवाज त्याहून मोठा. बाबा हात जोडून म्हणाले, "त्रिशरण-पंचशील आमाले सगळ्यायले येते. आपणच म्हणून लग्न लावू."

"जे लेकराबाळायले येते, त्याच्यानं लग्न लागते काय?" मामेसासरे उखडले. "असली मंतर भंतेजीपाशीच राह्यते. थो भेटल्याबिगर लग्न नाही. आमी वरात वापस नेतो."

वरात परत गेलेल्या पोरीला पुन्हा कोण करतं? माय पदरात तोंड घालून रडायला लागली.

मामेसासऱ्यांचं म्हणणं उगाच नव्हतं, हे आज कळतं. दीक्षेआधी आमच्या वस्तीतल्या लग्नांत जोशी विटाळ नको म्हणून लांब उभा राहून पुटपुटायचा अन् अक्षता टाकायची खूण करायचा. तो काय बोलला, ते आमच्यातल्या कोणाच्या कानापर्यंत कधी आलं नाही. खरं ते लपवलेलंच असतं अन् आपल्या वाट्याला येतो तो चोथा, अशी सवयच पडलेली. पण त्या दिवशी मला फक्त राग आला. मी चौथी शिकलेली. रोज संध्याकाळी वस्तीतल्या बायांकडून वंदना घोटून घ्यायची. मी ताडकन् उठले.

"मामाजी, आपल्या हातात देलं म्हणून थे खोटं झालं काय? लांबून पुटपुटला थोच खरा?"

नवरी बोलली! आता मेले, असं वाटलं. तेवढ्यात आतापर्यंत मान खाली घालून बसलेला नवरदेव हळूच म्हणाला, "तू म्हण. मी तुह्या मांगं म्हणतो."

मी म्हटलं. आवाज असा कापत होता, की एक ओळ दोनदा झाली. तो मागून म्हणत गेला, मग सगळा मांडव. आम्ही हार घातले. मामेसासरे मात्र जेवले नाहीत. "भंतेजी येऊ द्या, मंग पाहू," म्हणून बाजेवर बसून राहिले. त्यांच्या हट्टापायी पाठवणीही थांबली.

अन् खरं सांगू? माझाही जीव टांगणीलाच होता. समजा, असलाच एखादा मंतर तर? मग मी कोणाची कोण? बायका हळद उतरवताना थट्टा करत होत्या, मला हसूही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंतेजी आले, कोणाच्या तरी सायकलवर मागे बसून. एसटी चुकली होती बिचाऱ्यांची. बाबांनी घाबरत घाबरत सारं सांगितलं.

"मग झालं की लग्न," भंतेजी म्हणाले. "मीही तेच म्हणणार होतो."

मामेसासरे पुढे सरसावले. "झाकून ठेवू नका, भंतेजी. मांगचं जे काही असंन थे सांगून टाका. पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे."

"मागचं काहीच नाही हो. म्हटलं ते पाळायचं, एवढंच राहिलं."

मामेसासरे खाली बसले. आता काय बोलतात, या धास्तीनं मी दाराची चौकट धरून उभी. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं अन् कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाले,

"मले तं जे उघडं होतं, थेबी येत नाही, पोरी. म्हण बरं येक डाव. हळू म्हण."