खापरखवल्याचं नाव

"बस की रे खाली. बरणीशेजारी बस. आन् ती पुंगी लाव तोंडाला."

हे संस्थेचे अध्यक्ष माझ्या बापाला सांगत होते. माझ्यासमोर.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकांची टेबलं भिंतीकडे सारून मध्ये सोफा मांडलेला, कारण अध्यक्ष स्टुलावर बसत नाहीत. सुताचे मोठे व्यापारी. शंकराच्या गळ्यातला सोडला तर त्यांनी दुसरा साप निरखून पाहिला नसावा. बरणीत औषधात बुडवलेला मेलेला साप, बरणीला झेंडूचा हार. साप वीतभर, हार त्याच्या तिप्पट. अध्यक्षांनी बरणीला कुंकू लावलं, ते शेपटीच्या बाजूला. टाळ्या झाल्या.

सह्याद्रीत रस्ता खोदणाऱ्यांच्या फावड्याखाली हा साप आला, तेव्हा मुलांची सहल घेऊन मी तिथंच होतो. मातीत राहणारा, गांडुळं खाणारा, गरीब जीव. शेपूट तिरकं छाटल्यासारखं आणि खापरीसारखं खरबरीत, म्हणून नाव खापरखवल्या. यांचे प्रकार डोंगरागणिक वेगळे. हा मात्र कुठल्याच पुस्तकातल्या वर्णनाशी जुळेना. मी खवल्यांच्या रांगा पुन्हा पुन्हा मोजल्या, डोक्यावरच्या ढालींसारख्या खवल्यांची चित्रं काढली, मुंबईहून शोधपत्रिकांचे जुने अंक मागवून ताडून पाहिले. नवी जाती होती. मी एम.एस्सी., पण नोकरी डेमॉन्स्ट्रेटरची, तीही हंगामी. हा शोध माझ्या नावानं छापून आला असता तर मला कुणी हंगामी म्हणू शकलं नसतं.

विभागप्रमुख म्हणाले होते, "सापाला नाव अध्यक्षांचं देऊ. शोधनिबंधाचा लेखक म्हणून मी आहेच. तुझे आभार मानू."

आम्ही गारुडी. मोडनिंबच्या माळावर आमची पालं. प्रमुखांनी शिपाई धाडून बापाला निरोप दिला होता, पोराचा सत्कार आहे, पुंगी घेऊन ये. बाप धुतलेला पटका बांधून आला. आणि मग प्रमुख भाषणात म्हणाले, "हा दुर्मीळ साप आम्हाला एका गारुड्याकडून मिळाला."

सगळ्यांनी बापाकडे पाहिलं. बापानं सह्याद्रीचा घाट जन्मात पाहिला नव्हता.

मी सापाचं वर्गीकरण करत बसलो होतो. माझं कधीच उरकलं होतं.

फोटोवाला तयार. बाप उकिडवा बसला. सवयीनं. मग हात जोडून म्हणाला, "सायेब, मेल्या सापाम्होरं पुंगी वाजवत न्हाईत आमच्यात. पाप लागतंय."

आमच्यात पेटाऱ्यातला साप मेला की फडक्यात गुंडाळून पुरतात. त्या दिवशी पुंगीला हात लावत नाहीत.

प्रमुख हसले. "अरे, फोटोत आवाज येतो का? नुसती धर."

सगळे हसले. बापानं माझ्याकडे पाहिलं. मला वाचवायचं म्हणून त्यानं पुंगी उचलली.

"ऊठ, आबा," मी म्हणालो.

तो उठेना. मी दंडाला धरून उठवला.

"साप यानं आणलेला नाही. मी आणला. ओळखलाही मीच."

"मग तू गारुडी नाहीस का?" प्रमुखांनी विचारलं.

"आहे. आणि ओळखला मीच."

कुणी हसलं नाही. विज्ञानावर भाषणं देणारे सगळे सरबताच्या पेल्यात बघत होते.

एस.टी. स्टँडवर बाप म्हणाला, "दोन मिन्टं नुसती तोंडाला लावली आस्ती तर काय झालं आस्तं? नोकरी गेली की आता. लई शिकलास."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुखांनी बोलावलं. "चित्रं आणि मोजमापं टेबलावर ठेव. मुदतवाढीचं मग बघू."

मी ठेवली नाहीत. मुदतवाढ मिळाली नाही.

साप त्यांच्याकडं आहे. चित्रं माझ्याकडं. एका सापावर जाती ठरवू नये, हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि ते बरोबर आहे. पाऊस लागला की मी त्या डोंगरात जाणार. एकटा. दुसरा खापरखवल्या मिळेपर्यंत माती उकरणार. नाही मिळाला तर पुढच्या पावसाळ्यात. त्याला कुठल्या माणसाचं नाव मी देणार नाही, माझ्या बापाचंही नाही. तो ज्या डोंगराचा, त्या डोंगराचं देईन. आणि खाली लेखक म्हणून माझं नाव, आडनावासकट. ते वाचलं की कुणालाही कळेल, हे गारुड्यानं लिहिलंय. कळू दे.