पहिल्या पानावरची काठी

शोध्याची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो काठ्यांखाली होता.

माझ्या थोरल्या ताईचं काठ्या-छत्र्यांचं दुकान आहे. दाराशीच एक मोठं पिंप, त्यात चालायच्या काठ्या उभ्या. हा गृहस्थ उघड्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून दुकानात शिरला आणि त्या पिंपावर असा काही आदळला, की पिंप, काठ्या, शेजारचा छत्र्यांचा स्टँड आणि स्टँडला टेकून उभा असलेला मी, सगळे एका तालात आडवे झालो. हरलेल्या फौजेनं शस्त्रं टाकून पळ काढावा तसा देखावा होता. मी माझी हाडं जागच्या जागी आहेत का बघत उठलो. तेवढ्यात ढिगातून साळिंदरासारखं एक डोकं वर आलं. लागलं का, वगैरे काही नाही. त्यानं एकच विचारलं, "मामा, तुम्हाला काठी हवी असती तर काय टाइप केलं असतं?"

"आत्ता? शिव्या," मी म्हणालो.

त्यानं ते खरोखर टाइप करून घेतलं.

हा ताईच्या मैत्रिणीचा भाचा. चाळिशी गाठलेला, शर्टाचं एक बटण कायम पुढच्या घरात. शोध्या हे नाव ताईनंच ठेवलं. त्याचा धंदा असा, की लोक इंटरनेटवर काही शोधायला बसले की त्यांना आपल्याच गिऱ्हाइकाच्या दुकानाचं पान सगळ्यांत वर दिसावं, अशा बेतानं ते पान लिहायचं. त्यासाठी लोक वस्तूला मनातल्या मनात काय म्हणतात, ते ठाऊक हवं. म्हणून हा जिथं जाईल तिथं कान टवकारून बसायचा. दाताच्या दवाखान्यात याची पाळी आली तरी उठायचा नाही. शेजारची बाई गरम पाण्याच्या पिशवीला काय म्हणते, ते ऐकायचं राहिलेलं असायचं.

ताईनं त्याला बोलावलं ते हौसेनं नाही. भावोजी गेल्यापासून ती एकटीच दुकान ओढत होती आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक आटत चाललं होतं. दूरच्या शहरातला तिचा मुलगा दर फोनला म्हणायचा, "आई, विकून टाक आणि इकडे ये."

"तिथं येऊन काय करू? गॅलरीत बसून लिफ्टचा आवाज ऐकू?" असं म्हणून ती फोन ठेवायची. पण शेवटी कबूल झाली होती. वर्षअखेरपर्यंत ऑनलाइन दुकान चाललं तर ठीक, नाहीतर कुलूप.

ऑनलाइन दुकानातलं काठीचं पान तिनं स्वतः लिहिलं होतं: 'उत्कृष्ट, दर्जेदार, नावीन्यपूर्ण काठी.' शोध्यानं कपाळाला हात लावला.

"मावशी, नावीन्यपूर्ण हा शब्द कुणी शोधत नाही हो. टाइप करता करता माणूस म्हातारा होईल."

"होऊ दे की. मग काठी लागेलच."

त्यानं मथळे बदलले. पान उघडायला युग लागायचं, म्हणून अवाढव्य फोटो हलके केले. प्रत्येक काठीखाली उंची, वजन, मूठ कशी आहे, ते साध्या शब्दांत लिहिलं. आणि काही आठवड्यांनी एके सकाळी ताईचा मला फोन. "अरे, पहिले आलो! आपलं पान सगळ्यांत वर!"

मी पोहोचेपर्यंत तिनं गल्लीभर बिस्किटं वाटली होती. शेजारच्या शिंप्यानं बिस्कीट खाता खाता आपल्या फोनवर शोधून पाहिलं. मग दुसरं बिस्कीट घेतलं आणि म्हणाला, "ताई, मला तर काही दिसत नाही."

शोध्या धावत आला. "मावशी, तुम्ही आपलं पान दिवसातून किती वेळा बघता?"

"फार नाही. चहा झाला की. आणि चहाच्या आधी."

"मग झालं! फोनला कळलं, या बाईंना हेच पान लागतं. तो तुमचं मन राखतोय."

"चला, कुणीतरी राखतंय," ताई म्हणाली. पण शिंप्याच्या फोनवर आम्ही शोधाच्या सातव्या पानावर निघालो. दुपारी माळ्यावरची मोठी बॅग खाली आली. ती बॅग आम्हा तिघांना दिसत होती आणि तिघंही तिच्याकडे बघत नव्हतो.

शोध्यानं गुपचूप लॅपटॉप उघडला. लोकांनी काय काय शोधलं म्हणून आपलं पान कुठंतरी तळाला तरी झळकलं, याचा अहवाल त्याला मिळतो. तो वाचायला लागला, "'चालायची काठी.' 'हलकी काठी.' 'बाबा काठी घेत नाहीत काय करावं.' 'आई काठी धरायला लाजते.' 'काठी नको म्हणणारे सासरे'..."

"थांब," ताई म्हणाली. "यांचंही तेच होतं. जन्मभर काठ्या घडवल्या, पण स्वतः धरायची म्हटली की भडकायचे."

"मग?"

"मग मी द्यायचंच सोडलं. म्हटलं, एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे, काठी घसरते म्हणे. जरा कोपऱ्यापर्यंत चालून बघा. चालून आले आणि म्हणाले, मूर्ख आहे तुझं गिऱ्हाईक, टोकाचं रबरी बूच झिजलंय फक्त. बूच बदललं, पुन्हा चालून बघितलं. शेवटपर्यंत तपासतच होते."

शोध्याचे कान एव्हाना उभे होते. "मावशी, हेच सांगा. असंच सांगा."

ती सांगत गेली, तो लिहीत गेला. म्हाताऱ्यांना काठी देऊ नका, तपासायला द्या. घरात आधीची काठी पडून असेल तर तिचं बूच बघा, घसरायची भीती वाटते म्हणूनही माणूस नको म्हणतो. मथळा दिला, 'बाबा काठी घेत नाहीत? काय करावं?' नावीन्यपूर्ण कुठंही नाही.

ताईला आपल्या फोनवर बघायची बंदी झाली. ती रोज शिंप्याकडे जायची आणि त्यालाच शोधायला लावायची. आम्ही चौथ्या पानावर आलो, मग दुसऱ्या. वर्ष सरता सरता शिंपी कात्री हातात घेऊनच धावत आला. पहिल्या पानावर, सगळ्यांत वर!

आणि मागण्या सुरू झाल्या. एकूण एक रबरी बुचाच्या. ज्यांचे बाबा काठी घेत नव्हते, त्यांच्या घरी काठी होतीच ना! ती सगळी मंडळी आमचं पान वाचायची, आभार कळवायची आणि बूच मागवायची.

बॅग माळ्यावर परत गेली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, बुचांवर दुकान चालतं?"

"चालतंय," ताई म्हणाली.

शोध्याला आता छत्र्यांचं पान लिहायचं होतं. ताईनं साफ नाही म्हटलं. बसलेली घडी विस्कटू नकोस, म्हणाली. सध्या तो दुपारचा दुकानात बसून बुचं पाकिटात भरतो. काठ्या पिंपातच आहेत. पिंप तेवढं दारापासून हलवलंय.