पुनानाना आणि सतरा नंबरचा निरोप्या

धरणगावजवळच्या आमच्या गावात लग्नघरचं चूलबंद आवतण द्यायचं काम तीस वर्षं पुनानानाकडे होतं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी कोणाच्याच घरी चूल पेटायची नाही, सगळं गाव लग्नघरी जेवणार. नाना उंबऱ्याशी उभा राहून हाक घाली, "आज कोनी चूल पेटाडानी नही!" आणि बहिऱ्या म्हाताऱ्याही पदर सावरून उठत.

मग नानाच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, त्यांवर माशाच्या खवल्यांसारखे पांढरे पापुद्रे. गावानं अर्ध्या दिवसात निदान केलं: लागट रोग.

जळगावच्या चामडीच्या डॉक्टरीणबाईंना, भाविका मॅडमना, मात्र दोन खेपा लागल्या.

"सोरायसिस आहे," त्या म्हणाल्या. "अंगातल्या पहारेकरी पेशी शत्रू दिसला की रसायनांचे निरोपे सोडतात. तुमच्यात शत्रूच नाही, तरी निरोपे सुटलेत. ज्याला निरोप पोचतो तो आणखी चौघांना धाडतो. या निरोप्यांना नंबर असतात, त्यातले तेवीस आणि सतरा नंबरचे फारच बडबडे. कातडीला वाटतं, मोठी घाई आहे. महिन्याचं काम ती चार-पाच दिवसांत उरकते आणि खवले साचतात."

नाना हरखलाच. "म्हंजे लगीन नही, मांडो नही, तरी मना आंगमा आवतन चालू शे!"

सतरा नंबरचं तोंड बंद करणारं इंजेक्शन असतं, हेही मॅडमनी सांगितलं. तूर्त मलम दिलं. नानानं मलमापेक्षा चिठ्ठीचा हट्ट धरला. मॅडमनी लिहून दिलं, "हा आजार शिवल्याने किंवा सोबत जेवल्याने पसरत नाही." खाली सही-शिक्का. नानानं ती लॅमिनेट करून घेतली.

गावात ती वाचायला कोणी हातात घेईना. न जाणो, लागायचं.

गिरधरआबांच्या नातीचं, मयुरीचं, लग्न निघालं, तसा नाना धुतलेला सदरा घालून गेला. आबांनी त्याला ओट्याखालीच थांबवलं.

"पुना, आवतन आते मोबाइलवर जाई. नीलेश शे ना."

"आबा, हाई चिठ्ठी तरी..."

"ठेव, ठेव खिसामा."

नीलेश आबांचा नातू, शिकलेला. त्यानं निरोपात फुलं टाकली, ढोल टाकले, "उद्या दुपारी चूलबंद जेवण, सर्वांनी यावे" असं लिहिलं, वर रस्ता चुकू नये म्हणून नकाशा जोडला. फक्त कोणत्या गावानं यावं, ते लिहायचं राहिलं. निरोप ज्याला पोचला त्यानं आणखी चार ग्रुपांवर ढकलला.

हळदीच्या दुपारी ट्रॅक्टर लागले. शिंदखेड्याहून एक जीप आली, तीत नवऱ्याकडचं किंवा नवरीकडचं कोणीच नव्हतं. वरण-बट्टीचा अंदाज एका गावाचा, माणसं चार गावांची. आबा धावत नानाच्या दारी आले.

"पुना, चाल लवकर! मांडोना तोंडशी उभा ऱ्हाय. बाह्या वर कर. लोक आपोआप मांगे फिरतीन."

नाना गेला. बाह्या वर केल्या. पुढची रांग थबकली. एका बाईनं लेकराला मागे ओढलं, जीपवाल्यांनी चपला शोधायला घेतल्या. आबांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात नानानं खिशातून चिठ्ठी काढली. चष्मा घरी राहिला होता, पण मजकूर पाठ होता. तीस वर्षांच्या आवाजात त्यानं चिठ्ठी वाचली, शिक्क्यापर्यंत.

"अरे पुना, आते कशाले वाचस!" आबा ओरडले.

"आबा, मी बलावनारा मानूस शे. मानसं मांगे फिराडानं माले जमस नही." आणि मांडवाबाहेर बघून त्यानं सगळ्यांनाच हाक घातली, "बठ्ठा या! आज कोनी चूल पेटाडानी नही!"

मघाच्या बाईनं पुढे होऊन चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मागच्याकडे दिली. मग सगळे आत शिरले.

नाना शेवटच्या पंगतीला बसला, बाह्या तशाच वर. गावचीच दोन माणसं सरकली आणि त्याला मधे जागा झाली. बट्टी संपली होती. वरण तेवढं मिळालं.