एकच रांजण

लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेरीला स्वतःची इमारत नव्हती. सरकीचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेतलं आणि नांदेडहून बदलून आलेल्या मला, म्हणजे आरेखकाला, हुकूम झाला: यात नव्वद माणसं बसवा. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. टंचाईच्या कामासाठी रोज नवे कारकून रुजू होत होते आणि जागा नाही म्हणून व्हरांड्यात पेट्यांवर बसून लिहीत होते.

मी गोदामाचा नकाशा काढला, जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची टेबलं मापात कापली आणि नकाशावर सरकवत बसलो. ही बातमी लपणार थोडीच! पंख्याखाली बसायला सगळे तयार, साहेबांच्या दारासमोर एकही नाही. एका कारकुनानं तर माझी पाठ वळताच स्वतःचं टेबल खिडकीशी नेऊन ठेवलं. त्या तुकड्यावर नवरीचं नाव छापलेलं होतं म्हणून चोरी पकडता आली.

टेबलं बसली. राहिला पाण्याचा रांजण. तो मी हॉलच्या मधल्या खांबाशी दाखवला, जिथं सगळ्या शाखांच्या वाटा एकत्र येत होत्या. हेडक्लार्कांनी नकाशा पाहिला. माणूस तसा वाईट नव्हता, लातुरात मला खोली त्यांनीच मिळवून दिली होती. त्यांनी पेन्सिल घेतली आणि मागच्या व्हरांड्यात आणखी एक गोल काढला.

"आतला स्टाफचा, हा शिपायांचा," ते म्हणाले. "उगीच कटकट नको."

शिपायांत निम्मे आमचे, बौद्ध. कटकट कसली, ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

माझे वडील, आबा, उमरीच्या कचेरीत शिपाई होते. दीक्षा घेतली, घरातले देव काढले, पण कचेरीतल्या रांजणाला त्यांनी नोकरीभर हात लावला नाही. कुणीतरी वरून ओतायचं, ते ओंजळ धरायचे. कुणाला सवड नसली की तसेच तहानलेले बसायचे. शाळा सुटल्यावर मी त्यांना डबा द्यायला जायचो, तेव्हा हे पाहिलेलं. रांजण एकच राहावा, एवढंच मला त्या अख्ख्या नकाशातून हवं होतं.

जे बोलायचं होतं ते ओठांवर आलं. तोंडातून निघालं भलतंच. "साहेब, टँकर एकच येतो. दोन रांजण भरायचे कशानं?"

त्यांनी दुसरा गोल स्वतःच खोडला. मी जिंकलो, पण दुष्काळाच्या आडून. त्याचा मला आजही राग येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

मे महिन्यात आबा आले. उमरीहून एस.टी.नं, अंगाची लाही होत असताना, थेट कचेरीत. ओठ पार सुकलेले. मी हौसेनं त्यांना हॉल दाखवला, माझ्या हातचं काम म्हणून सांगितलं. ते खांबाशी थांबले. रांजणावर ठेवलेल्या ओगराळ्याकडं बघत त्यांनी हळूच विचारलं, "ह्यो समद्यांचाच हाय का रं?"

"हाव आबा. समद्यांचाच. घ्या की."

त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात माझी नजर हेडक्लार्कांच्या टेबलाकडं गेली. ते फाइलीत मान घालून बसले होते, त्यांनी वरही पाहिलं नाही. पण आबांनी माझी नजर पाहिली, आणि हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे. तहान न्हाई."

ओगराळं भरून त्यांच्या हातात द्यायला माझा हात उचलला गेला नाही. खोलीवर पोचल्यावर ते उभ्या उभ्याच दोन तांबे पाणी प्यायले.