फरशी पाणी पिते

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, तो बिचारा हे न ऐकताच गेला. लेकाला न्हाई, सुनेला न्हाई. गाणगापूरला पादुकांसमोर कितीदा उभी राहिले, तिथं पण ओठाशी आलेलं गिळलं. आता तुला सांगायला बसलेय, आणि बसल्यापासून दोनदा उठून बादली बघून आले.

बादली कसली? हुमनाबादच्या या भाड्याच्या फ्लॅटात माझ्या खोलीचं छत गळायलंय. पलंग भिंतीकडं सरकवला, खाली बादली ठेवली. टप्. मग बराच वेळ काही न्हाई. वाटतं थांबलं, डोळा लागतो, तेवढ्यात पुन्हा टप्. मेलं एका लयीत तरी पडावं की! काल लेक तणतणत आला, “आई, तू दिवसभर घरीच असतीस. मालकाला सांग की, वरची पोरगी किती पाणी सांडती ते.”

मी म्हणाले, मला ठाऊक न्हाई.

तो बघतच राहिला. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते त्याच्या आईला ठाऊक असतं, आणि हे ठाऊक न्हाई? कामून?

कामून ते ऐक.

लग्न होऊन मी निर्ण्याहून गुलबर्ग्याला आले. आता त्याला कलबुर्गी म्हणायचं, पण माझी जीभ जुनी आहे. नवरा डाळमिलमध्ये कामाला. घरमालक आप्पा खाली राहायचे, वर आम्ही दोन बिऱ्हाडं, मधे एक भिंत. त्या भिंतीपलीकडं गौरक्का, मन्नाएखेळ्ळीची. माझ्यापेक्षा थोडी मोठी, आप्पांसारखीच बसवण्णाला मानणारी, मराठी माझ्याहून ठसक्यात बोलणारी. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला सगळे अव्वा म्हणायचे.

आणि मी? मी म्हणजे काय विचारतेस! वेणी कमरेखाली, नाक आभाळात, अक्कल कुठं ठेवली होती देव जाणे. शहरात आले म्हणून शहाणी झाले असं समजणारी म्हैस.

गुलबर्ग्याचा उन्हाळा तुला ठाऊक असेल. दुपारी भिंतीला हात लावला तर भाकरीच्या तव्याची आठवण यायची. निर्ण्याला आमची जमीन मातीची, सारवलेली. दुपारी त्यावर पाणी शिंपडायचं, जमीन ते पिऊन टाकायची, वर पाठ टेकली की गारेगार. मग मला वाटलं, इथं पण तसंच करावं. मागच्या खोलीत शहाबादी फरशी होती आणि कोपऱ्यात मोरी. मोरीच्या भोकात चिंधी कोंबली. बादल्याच्या बादल्या ओतल्या. पाण्यात वाळ्याची जुडी टाकली, वासाला. नवरा मिलमध्ये, दार लावलेलं. लुगडं गुडघ्यावर घेऊन पाण्यात फतकल मारली आणि मीठ-तिखट लावून कैरी खाल्ली. राणी! निर्ण्याची राणी, मागच्या खोलीच्या तळ्यात!

पाणी गच्चीवरच्या टाकीतलं, सगळ्यांच्या वाट्याचं. गौरक्का तांब्यानं मोजून वापरायची. म्हणून तर मी दार लावायचे ना?

आणि गंमत बघ, संध्याकाळपर्यंत पाणी गायब. चिंधी जागच्या जागी, मोरी बंद, तरी फरशी कोरडी. मी खूश. म्हटलं, ही फरशी पण पाणी पिते. आमच्या घरासारखीच. हसू नको. हस, हस. मी पण हसायचे, पुढचं होईपर्यंत.

एक दिवस आप्पांच्या बायकोनं आम्हा दोघींना खाली बोलावलं. आप्पा जिथं तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचे, नेमकं तिथं वरून थेंब पडायलेला. त्यांनी आसन सरकवलं तर थेंब पण सरकला. ती जागा गौरक्काच्या मोरीखाली, माझ्या खोलीखाली नव्हे. आप्पांची बायको म्हणाली, “बघा गं, पूजेच्या जागी पडतंय म्हणून पाण्याला पण सुवास सुटलाय.”

वाळ्याचा वास.

फरशीनं पाणी प्यायलं नव्हतं. सांध्यातून आत शिरलं होतं, आतल्या आत उतारानं भिंतीपलीकडं गेलं होतं, आणि उतरलं ते तिथं. गौरक्का मोरीत धुवायची त्या अव्वाच्या कपड्यांच्या पाण्याला वाळ्याचा वास कुठून येईल? कुणी एवढा विचार केला असता तर — पण कुणी केला न्हाई. आप्पा भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, “अक्का, तुमच्या मोरीचं दिसतंय. बघा काही जमतंय का.”

गौरक्कानं माझ्याकडं बघितलं. “सुमे, तू तरी सांग की गं. मी एवढं पाणी सांडते का?”

किती सोपं होतं. एक वाक्य. दोन शब्द ऐकावे लागले असते, आप्पांची बायको महिनाभर तोंड वाकडं करून बसली असती. एवढंच. मी काय म्हणाले सांगू? मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “अक्का, रोजचे अंथरुणातले कपडे म्हटल्यावर थोडं पाणी होणारच की. तुमचा काय दोष?”

खोटं पण बोलायचं, आणि वर माया पण दाखवायची. बघितलीस निर्ण्याची राणी?

दुसऱ्या दिवसापासून गौरक्का कपड्यांचं घमेलं डोक्यावर घेऊन जिना उतरायला लागली. खाली अंगणातल्या नळावर धुवायची. आणि मी — त्याच दिवसापासून मी पण फरशीवर पाणी ओतणं बंद केलं. भिऊन. मग काय होणार? थेंब थांबला. झाला पुरावा. गौरक्कानं स्वतःच आप्पांच्या पाया पडून माफी मागितली. मी जिन्यात उभी होते. तिला पण पटलं होतं गं, की तिचंच पाणी होतं.

एवढ्यावर असतं तर मी तुला सांगत पण बसले नसते.

ती खाली धुवायला गेली की मला म्हणायची, अव्वाजवळ बस जरा. मी बसायचे. ऊन असं की म्हातारीचे ओठ तडकलेले. मी तांब्या तोंडाशी नेला तर तिनं मान फिरवली. “बेड,” कानडीत म्हणाली. नको. मला वाटलं, कुरकुर असेल. दुसऱ्या दिवशी पण तसंच. “पी की अव्वा, उन्हाळा हाय,” म्हणाले, तर तिनं बोट खाली, फरशीकडं केलं.

“पिलं की कपडे भिजतेत. सून जिना उतरती. वर धुतलं तर लिंगावर पडतंय. माझं पाणी, बाई. माझं घाण पाणी.”

आणि ओठ मिटून घेतले.

माझ्या हातात तांब्या होता. खोलीत आम्ही दोघीच. गौरक्का खाली, आप्पा त्यांच्या दुकानात. कान तिचे चांगले होते. तिच्या कानाशी वाकून सांगायचं होतं — अव्वा, ते तुझं न्हाई, माझं हाय, मी पाय गार करायला ओतलेलं. कोण मारणार होतं मला? म्हातारी? ती कदाचित हसली असती. कदाचित पाणी पिली असती.

मी तांब्या जागेवर ठेवला. पदरानं तिचं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा तांब्या नेला, पुन्हा तिनं मान फिरवली, पुन्हा मी गप्प. किती दिवस? ठाऊक आहे मला. तुला सांगत न्हाई.

मग जीप करून तिला मन्नाएखेळ्ळीला, त्यांच्या गावी नेलं. पाऊस लागायच्या आत गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मी पण म्हणाले. सगळ्यांत आधी मीच म्हणाले असेन. गौरक्का परत आली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, एक तूच होतीस जी तिला पाणी विचारायचीस.

ते पण ऐकून घेतलं मी.

बादली भरत आली बघ. लेक मालकाशी बोलायला गेलाय. वरच्या पोरीचं तान्हं रडायलंय. सून तांब्या घेऊन आली, म्हणाली, “आई, सकाळपासून पाणी पिलं न्हाई तुम्ही.”

मी घेतला. सगळा प्याले.